जॉन वुलमन

जॉन वुलमन (१९ ऑक्टोबर, इ.स. १७२० – ७ ऑक्टोबर, इ.स. १७७२) हे ब्रिटिश वसाहतकालीन उत्तर अमेरिकेतील क्वेकर पंथाचे उपदेशक, शिंपी व लेखक होते. गुलामगिरीविरुद्ध क्वेकर समाजाचे मत वळवणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. उपदेशासाठी त्यांनी कधी वेतन घेतले नाही. क्वेकर पंथात तशी प्रथाच नव्हती. दुकानदारी, शिवणकाम, फळझाडांची लागवड आणि लोकांचे दस्तऐवज लिहून देणे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. ख्रिस्ती श्रद्धेची परीक्षा याच व्यवहारांत होते, अशी त्यांची धारणा होती.

जन्म व बालपण

वुलमन यांचा जन्म न्यू जर्सी वसाहतीतील बर्लिंग्टन परगण्यात, रँकोकस नदीच्या परिसरात झाला (जन्मतारीख जुन्या दिनदर्शिकेनुसार). वडील सॅम्युएल शेतकरी होते. आईचे नाव एलिझाबेथ. तेरा भावंडांत जॉन हे थोरले पुत्र. घराणे क्वेकर होते. या पंथात पुरोहित नसतो. सभासद एकत्र जमून मौन धरतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलतो. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो, हा या उपासनेमागील विश्वास होय.

लहानपणी त्यांनी घरट्याजवळ बसलेल्या एका रॉबिन पक्षिणीला सहज दगड मारला आणि ती मेली. आईवाचून पिल्ले उपाशी तडफडतील, या विचाराने मग त्यांना पिल्लांनाही मारावे लागले. हा प्रसंग त्यांनी पुढे आत्मवृत्तात नोंदवला आहे. एका बेसावध कृतीचे परिणाम कुठवर जातात, हा त्यातील विषय त्यांच्या पुढील लेखनात पुन्हा पुन्हा येतो.

विक्रीखताचा प्रसंग

वयाच्या एकविसाव्या वर्षी वुलमन माउंट हॉली या गावी एका व्यापाऱ्याच्या दुकानात विक्री व हिशेब सांभाळण्यासाठी राहिले. तेथे असताना मालकाने आपल्याकडील एक कृष्णवर्णीय गुलाम स्त्री विकली आणि वुलमन यांना विक्रीखत लिहिण्यास सांगितले. खरेदीदार समोर थांबला होता. तो वृद्ध होता व क्वेकर सभासदच होता. मालकाची आज्ञा आणि खरेदीदाराचे वय व प्रतिष्ठा यांचा विचार करून वुलमन यांनी कागद लिहिला. परंतु गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत वाटते, असे त्यांनी दोघांनाही त्याच वेळी सांगितले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. स्पष्ट नकार दिला असता तर बरे झाले असते, ही खंत त्यांच्या मनात राहिली. थोड्याच काळाने दुसऱ्या एका तरुणाने असाच कागद मागितला, तेव्हा त्यांनी तो लिहून दिला नाही.

पुढे मृत्युपत्रांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहिला. सुवाच्य अक्षर व नेमकी भाषा यांमुळे गावकरी मृत्युपत्र लिहून घेण्यासाठी त्यांच्याकडे येत, आणि या कामाची मिळकतही बरी असे. एका जखमी शेजाऱ्याने आपल्या मालकीची गुलाम मुलगी अपत्याच्या नावे करण्यास सांगितले. वुलमन यांनी मृत्युपत्राचा इतर सर्व मजकूर लिहिला, ते कलम मात्र गाळले आणि आपले कारण त्याच्यापुढे मांडले. बोलण्याअंती शेजाऱ्याने तिला मुक्त करण्याचे मान्य केले, मगच मृत्युपत्र पूर्ण झाले. प्रत्येक वेळी असे घडले नाही. काही जण तसेच परत गेले.

व्यवसाय

नोकरीच्या काळातच वुलमन शिवणकाम शिकले होते. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. आधी शिवणकामास लागणारे साहित्य, मग कापड, मग इतर माल असा व्यापार वाढत गेला. इ.स. १७४९ मध्ये त्यांचा विवाह सेरा एलिस यांच्याशी झाला. त्यांना मेरी ही कन्या होती, तर मुलगा विल्यम तान्हेपणीच वारला.

दुकान चालत नाही म्हणून ते बंद करणारे पुष्कळ असतात. वुलमन यांनी ते फार चालू लागल्यामुळे आवरते घेतले. दिखाऊ वस्तू विकताना त्यांना संकोच होई. गरीब गिऱ्हाईक ऐपतीबाहेरचा माल उधारीवर नेऊन कर्जात बुडते, हे त्यांनी स्वतःच्या वह्यांतच पाहिले होते. अशा गिऱ्हाइकांना ते स्वस्त माल घेण्याचा सल्ला देत. इ.स. १७५६ च्या सुमारास त्यांनी गिऱ्हाइकांना आगाऊ सूचना देऊन हळूहळू व्यापार थांबवला आणि शिवणकाम व सफरचंदाच्या रोपांची वाडी एवढेच ठेवले. अधिक गरजा म्हणजे अधिक धन, अधिक धन म्हणजे दुसऱ्याकडून अधिक श्रम काढणे, आणि त्याचे टोक म्हणजे गुलामगिरी व युद्ध, अशी ही कारणपरंपरा त्यांनी नंतरच्या निबंधांत मांडली आहे.

गुलामगिरीविरोधी कार्य

इ.स. १७४६ मध्ये वुलमन यांनी मेरीलँड, व्हर्जिनिया व उत्तर कॅरोलिना या वसाहतींचा पहिला दौरा केला. तेथे पाहिलेल्या स्थितीवर त्यांनी निबंध लिहिला, पण तो बराच काळ हाती ठेवला. इ.स. १७५० मध्ये मृत्युशय्येवरील वडिलांनी त्याविषयी आस्थेने विचारणा केली. अखेर इ.स. १७५४ मध्ये तो फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाला. दुसरा भाग इ.स. १७६२ मध्ये आला. तो समाजाच्या निधीतून छापण्याची तयारी दर्शविण्यात आली होती, पण या निधीत गुलाम बाळगणाऱ्यांचाही वाटा होता. शिवाय विकत घेतलेले पुस्तक लोक वाचतात, असाही वुलमन यांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी ते स्वखर्चाने छापून छपाईच्या किमतीत विकले.

गुलामगिरीला विरोध करणारे ते पहिले क्वेकर नव्हते. जर्मनटाउन येथील निषेधपत्र इ.स. १६८८ मधले आहे आणि बेंजामिन ले यांनी भर सभेत केलेल्या उग्र निषेधांबद्दल समाजाने त्यांना बाहेर काढले होते. वुलमन यांची रीत वेगळी होती. ते गुलाममालकाच्या घरी जात, त्याच्यासमोर बसत आणि एकांतात बोलत. अशा घरी पाहुणचार घेणे म्हणजे गुलामांच्या फुकट श्रमावर जेवणे, ही अडचण इ.स. १७५७ च्या दुसऱ्या दक्षिण दौऱ्यात त्यांना फार जाणवली. निघताना ते चांदीची लहान नाणी यजमानाजवळ देऊन गुलामांमध्ये वाटण्यास सांगत किंवा स्वतःच त्यांच्या हाती देत. यजमानाचा अपमान होण्याचा धोका त्यात उघड होता, आणि हे काम आपल्याला जड जाते हे ते लपवीत नाहीत.

इ.स. १७५८ च्या फिलाडेल्फिया वार्षिक सभेत हा प्रश्न पुढे ढकलण्याकडे अनेकांचा कल होता. वुलमन यांनी तेथे केलेले भाषण निर्णायक मानले जाते. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना समाजाच्या कारभारापासून दूर ठेवावे आणि गुलाममालकांना घरोघरी भेटण्यासाठी काही जण नेमावेत, असे ठरले. नेमलेल्यांत वुलमन होते. गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्वच नाकारण्याचा निर्णय याच सभेने इ.स. १७७६ मध्ये घेतला. तो पाहण्यास वुलमन हयात नव्हते.

स्वतःच्या आयुष्यातील एक जुना व्यवहारही त्यांनी उकरून काढला. एका मृत्युपत्राचे व्यवस्थापक या नात्याने, सहव्यवस्थापकासह, त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलाची सेवा तो तीस वर्षांचा होईपर्यंतच्या मुदतीने विकली होती. गोऱ्या मुलांची अशी बांधिलकी एकविसाव्या वर्षी संपे. उरलेल्या नऊ वर्षांपैकी आपल्या वाट्याच्या साडेचार वर्षांची भरपाई करण्याचे बंधपत्र त्यांनी इ.स. १७६९ मध्ये लिहून दिले.

राहणी

इ.स. १७६१ पासून वुलमन न रंगवलेल्या कापडाचे कपडे वापरू लागले. रंग मळ झाकतात व कापडाचे आयुष्य कमी करतात, असे या शिंप्याचे मत होते. पुढच्या वर्षी त्यांनी नैसर्गिक रंगाच्या फरची टोपी घेतली. दुर्दैवाने तशा पांढुरक्या टोप्या तेव्हा छानछौकीच्या लोकांत रूढ होत्या, त्यामुळे साधेपणासाठी घेतलेली टोपी काहींना नखरा वाटली. गुलामांच्या श्रमातून येणारी साखर त्यांनी सोडली. इ.स. १७५८ मध्ये सैनिकांना घरी ठेवून घेण्याचा सरकारी हुकूम आला, तेव्हा एका सैनिकाला त्यांनी सुमारे दोन आठवडे आश्रय दिला. त्याचे भाडे मात्र नाकारले, कारण युद्धाचा पैसा घेणे त्यांच्या मनाला पटेना. इ.स. १७६३ मध्ये सीमेवर रक्तपात चालू असताना त्यांनी सस्क्वेहाना नदीवरील वायालुसिंग या मूळ निवासी वस्तीला भेट दिली.

या आचरणाचा जाच कधी कधी यजमानांनाही होई. तरीही त्यांनी इतरांवर आपले नियम लादल्याचे दिसत नाही.

इंग्लंडचा प्रवास व मृत्यू

इ.स. १७७२ च्या मे महिन्यात वुलमन इंग्लंडला निघाले. जहाजाच्या उतारू कक्षाबाहेर कोरीव नक्षी होती. तिच्यावर झालेल्या व्यर्थ खर्चात भाडे भरून सहभागी होणे नको, म्हणून त्यांनी खलाशांबरोबर खालच्या कोंदट जागेत प्रवास केला. तेथे खलाशी पोरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. लंडनच्या क्वेकरांनी या विचित्र वेषाच्या पाहुण्याचे प्रथम थंडे स्वागत केले असे सांगतात. त्यांचे बोलणे ऐकल्यावर तो दुरावा गेला. वेगवान टपालगाड्यांच्या घोड्यांचे व पोरांचे हाल होतात म्हणून ते उत्तरेकडे पायी गेले आणि टपालाने पत्रे पाठवण्याचेही टाळत राहिले. वाटेत त्यांनी मजुरीचे दर व धान्याचे भाव टिपून ठेवले.

यॉर्क येथे त्यांना देवी आल्या व ७ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. शवपेटी साध्या ॲश लाकडाची असावी व तिचा आणि कबर खणण्याचा खर्च आपल्या कपड्यांतून भागवावा, अशा सूचना त्यांनी दिल्या होत्या.

लेखन

वुलमन यांचे आत्मवृत्त इ.स. १७७४ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. गरिबांच्या बाजूने लिहिलेला त्यांचा निबंध इ.स. १७९३ मध्ये छापला गेला. इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम यांना आत्मवृत्त विशेष प्रिय होते. अमेरिकन कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर यांनी त्याची आवृत्ती इ.स. १८७१ मध्ये संपादित केली. हार्वर्ड क्लासिक्स या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात ते बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्राबरोबर समाविष्ट आहे.