जगात एकही पेट्रोल पंप नव्हता, तेव्हा १०० किमी गाडी चालवणाऱ्या बर्था बेन्झ

गाडीची टाकी किती खाली जाऊ द्यावी, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. याचं उत्तर मला एका बाईंच्या आयुष्यात सापडलं. त्यांच्या गाडीला टाकीच नव्हती! नाव बर्था बेन्झ. हो, मर्सिडीज-बेन्झमधलंच बेन्झ.

हुंड्याच्या पैशातून उभं राहिलेलं वर्कशॉप

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्त्सहाइमचा. इंजिनिअर कार्ल बेन्झशी लग्न ठरलं, पण त्याचं वर्कशॉप भागीदारामुळे अडचणीत होतं. बर्था यांनी हुंड्याचे पैसे लग्नाआधीच मागून घेतले आणि त्या भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. १८७२ मध्ये लग्न झालं.

१८८६ मध्ये कार्लला तीन चाकी मोटारगाडीचं पेटंट मिळालं. पण घोड्याशिवाय चालणारी गाडी घ्यायला लोक तयार नव्हते. घरातला सगळा पैसा अशा गाडीत अडकलेला, जिच्यावर कुणाचाच विश्वास नाही!

ऑगस्ट १८८८ : नवऱ्याला न सांगता प्रवास

एका पहाटे बर्था १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड या मुलांना घेऊन मानहाइमहून निघाल्या. जायचं होतं माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर साधारण १०० किमी. त्याआधी मोटारगाडीने इतका लांबचा प्रवास कुणी केला नव्हता.

आता खरी गंमत बघा. गाडीत इंधन मावायचं फक्त साडेचार लिटरच्या आसपास, तेही थेट कार्ब्युरेटरमध्ये. ते लिग्रोइन नावाचं हलकं पेट्रोलियम द्रावण होतं. लोक ते डाग काढायला वापरायचे आणि ते औषधांच्या दुकानात मिळायचं. म्हणून बर्था वाटेत विस्लोख गावातल्या औषधांच्या दुकानात थांबल्या आणि लिग्रोइन विकत घेतलं. आज ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

पाणीही सारखं भरावं लागायचं, कारण इंजिन थंड करताना त्याची वाफ व्हायची. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आल्या. चढाचा अनुभव ऐकून कार्लने पुढे गाडीला आणखी एक गिअर दिला.

मग आपण टाकी किती ठेवायची?

बर्था यांच्या प्रवासातून मी एकच गोष्ट घेतो: टाकीत किती उरलंय यापेक्षा पुढचं इंधन कुठे मिळणार, हे महत्त्वाचं. शहरात पंप जवळ असतात. रात्री घाटात किंवा आडरस्त्याला नसतात. म्हणून काटा पाव टाकीवर आला की भरायचं, हा माझा नियम. त्यामागे तांत्रिक कारणंही आहेत :

- आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत फ्युएल पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि इंधनामुळेच तो थंड राहतो. टाकी सतत रिकामी ठेवली तर तो जास्त तापतो.
- डिझेल गाडी पूर्ण कोरडी पडली तर पाइपमध्ये हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, बऱ्याचदा ती हवा काढावी लागते.
- डॅशबोर्डवर दिसणारे 'उरलेले किलोमीटर' हा अंदाज असतो, तुमच्या आधीच्या मायलेजवरून काढलेला. चढ, एसी, ट्रॅफिक लागलं की तो आकडा भराभर खाली येतो.

आणि टाकीच्या तळाचा गाळ? पंप तसाही नेहमी तळाजवळूनच इंधन ओढतो. त्यामुळे टाकी कधीतरी खाली गेली म्हणून लगेच घाबरू नका.

शेवटी दाद मिळाली

पेटंटवर नाव एकट्या कार्लचं होतं. तो १९२९ मध्ये गेला. बर्था यांना ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ ला, कार्ल जिथे शिकला होता त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने मानद सिनेटर केलं. दोनच दिवसांनी लाडेनबुर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी मोबाइलवर मॅप उघडा आणि वाटेतले पंप बघून ठेवा. बर्था यांच्याकडे ती सोय नव्हती, आपल्याकडे आहे!