कवि शेले याचा जलविहार

आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस शेले ठाऊक आहे तो चंडोल पक्ष्यावरील व पश्चिम वाऱ्यावरील कवितांमुळें. त्याच्या धर्ममतांविषयीं आम्हां ख्रिस्ती लोकांस बोलण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु आजचा विषय तो नव्हे. तो बुडाला कसा, हें मात्र नदीकांठच्या मुलांनीं वाचावें असें आहे.

इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत ४ ऑगस्ट १७९२ रोजीं एका सधन घराण्यांत त्याचा जन्म झाला. नास्तिक मताचें पत्रक काढल्यामुळें १८११ त ऑक्सफर्डमधून त्याची हकालपट्टी झाली. १८१८ त तो इटलीस गेला, तो परत आला नाहीं. पाण्याचें त्याला विलक्षण वेड. मोठेपणींहि कागदाच्या होड्या सोडीत बसे. परंतु पोहणें तो कधींच शिकला नाहीं.

इशारे कमी मिळाले नव्हते. १८१६ त जिनीव्हाच्या सरोवरावर बायरनसमवेत असतां वादळ उठून होडी बुडण्याच्या बेतास आली. बायरन पट्टीचा पोहणारा. तो कोट काढून सज्ज झाला, पण शेलेनें त्याची मदत नाकारली. १८२१ त पिसाजवळील कालव्यांत होडी उलटली, तेव्हां सोबत्यानें त्याला ओढून कांठावर आणिलें. दुसरा कोणी आधीं पोहावयास शिकला असता; ह्यानें नौका बांधविली!

नौका सुमारें २४ फूट लांबीची, वरून उघडी, आणि आकाराच्या मानानें शिडें फार. तशांत वेगाच्या हौसेनें आणखी शिडें चढविलीं. अशा नौकेवर वाऱ्याचा झोत आडवा बसला कीं ती कलते, उघड्या तोंडानें पाणी घेते आणि क्षणांत तळ गांठते. शिडें वेळीं उतरविणें हाच उपाय. त्याला सरावलेले हात हवेत.

८ जुलै १८२२ रोजीं दुपारीं तो लेग्हॉर्न बंदरांतून लेरिचीकडे निघाला. बरोबर मित्र विल्यम्स व चार्ल्स व्हिव्हियन नांवाचा अठरा वर्षांचा खलाशी पोरगा. हवा कुंद होती. बायरनची मोठी नौका सोबत करणार होती. तिचे कागद अपुरे म्हणून बंदरच्या अधिकाऱ्यांनीं ती अडविली. तरी हे थांबले नाहींत. पोरगा पडला नोकर. त्याचें मत कोण घेतो? थोड्याच वेळांत तुफान झालें, आणि तें निवळल्यावर नौका कोठेंच दिसेना.

लेरिचीजवळच्या घरीं पत्नी मेरी वाट पाहत होती. चार दिवसांनीं ती व विल्यम्सची सहचरी चौकशीस पिसापर्यंत धांवल्या. सुमारें दहा दिवसांनीं शेले व विल्यम्स यांचीं प्रेतें किनाऱ्यास लागलीं. शेलेची ओळख पटण्यास खिशांतील कीट्सचा काव्यसंग्रह उपयोगी पडला. तिशी पुरी होण्यास महिनाहि उरला नव्हता. रोगप्रतिबंधक कायद्यामुळें वाळूंतच दहन करावें लागलें. रक्षा रोम येथील प्रॉटेस्टंट स्मशानभूमींत आहे.