भरली घागर

आज वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय तृतीया. आमच्या नाशिककडील घरांतून आज करा-केळी पुजून पितरांच्या नावाने घागर भरली जाईल, तीत वाळा पडेल आणि ती पाण्याने भरलेली घागर दान दिली जाईल. वैशाखातील जलदानासारखे पुण्य नाही, असे आपले शास्त्र सांगते. आजच्या दिवशी केलेले क्षय पावत नाही, असेही सांगते. गोदातीरी कीर्तनाला उभे राहून हे माहात्म्य आम्ही इतकी वर्षे सांगत आलो. परंतु पाणी या एका गोष्टीपायी ज्यांचे सारे आयुष्य घुसळून निघाले, अशा आमच्याच पंचक्रोशीतील एका थोर स्त्रीचे आख्यान आम्ही आजवर लावले नव्हते. त्या स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्या ख्रिस्ती झाल्या होत्या, एवढ्याच कारणाने आमची जीभ अडत होती, हे आज कबूल केलेले बरे.

नाशिकच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठी जलालपूर हे लहानसे गाव आहे. तेथील गोखल्यांच्या घरची ही कन्या. जन्म १ जून १८६८, माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या मातामहांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या आघाताने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. मीठ-साखरेसारखे जिन्नससुद्धा धुऊन घेतल्यावाचून त्या घरात चालत नसत. दाराशी गंगामाई वाहत होती, आणि घरातले पाणी अखंड धुण्यातच खर्ची पडत होते. शुद्धीच्या या धाकात मनूचे बालपण गेले.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. हे लोकमान्य नव्हेत, कवी टिळक होत. कोकणात करजगाव येथे १८६१ साली जन्मलेला हा मुलगा मातृवियोगानंतर घर सोडून नाशिकास आला आणि येथील विद्वान गणेशशास्त्री लेले यांच्या पायांशी बसून संस्कृत शिकला. ज्या विद्येवर आमचाही पिंड पोसला, तीच त्यांची विद्या. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, अंतःकरण लोण्यासारखे; परंतु वृत्ती वाऱ्यासारखी. हातातला पैसा दारी येणाऱ्यास देऊन मोकळे व्हावे आणि उद्या चूल कशी पेटणार याची चिंता पत्नीने करावी, असा त्यांचा संसार होता.

१८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. त्या वाचनाचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्या दिवशी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जलालपूरच्या सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. पती जिवंत असता त्याचा स्पर्श वर्ज्य झाला. कडेवर दत्तू हा लहानगा मुलगा. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी दुरावली. त्यांतील काही काळ त्यांनी पंढरपुरास विठोबाच्या छायेत काढला. या ताटातुटीत दोघांपैकी कोणी दुसऱ्यास सोडून दिले नाही, हे आमच्या मते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. टिळक पत्रे लिहीत राहिले, आणि लक्ष्मीबाई रागावत, रडत, तरीही त्यांची वाट पाहत राहिल्या.

अखेर त्या अहमदनगरास पतीकडे गेल्या. परंतु गेल्या त्या आपला धर्म पदरात बांधून. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनीही त्यास आडकाठी केली नाही. एकाच घरात दोन धर्म शेजारी शेजारी नांदू लागले. रोजचे भांडण, रोजचा विनोद, आल्यागेल्याची ऊठबस, हे सारे इतर कोणत्याही मराठी घरासारखेच चालत होते.

पुढे एके दिवशी एकट्याच विचार करीत बसल्या असता त्यांच्या मनाने एक प्रश्न केला. माणसामाणसांतील हे भेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असते तर त्याने शरीरावर काही वेगळी खूण ठेवली असती. रक्त, भूक आणि मरण सर्वांस सारखे दिले नसते. या विचाराने जन्मभराची गाठ सुटली आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हा निश्चय झाला तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. तो त्यांनी १९०० साली घेतला. म्हणजे पाण्यावरचा विटाळ गेला तो त्या हिंदू असताना, स्वतःच्या विचाराने गेला. एकनाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, हे आख्यान आम्ही शेकडो वेळा रंगविले आहे. ते सांगताना आमच्याच गावातील पाणवठ्यांवर कोणाकोणास मज्जाव होता, याकडे आम्ही किती वेळा पाहिले?

त्यानंतरचे त्यांचे घर म्हणजे वाटेवरची पाणपोईच झाली. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, फकीर, कोणीही यावे. प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. कवी बालकवी, म्हणजेच त्र्यंबक बापूजी ठोमरे, अहमदनगरास त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या घरी जेवण्यास धर्म बदलावा लागत नसे. टिळकांनी ख्रिस्तभक्ती गायिली ती अभंग-ओव्यांत आणि टाळ-मृदंगाच्या साथीने. तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. आमचे कीर्तनही त्यांनी आपल्या प्रार्थनामंदिरात नेले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास देवाचा दरबार उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही स्थान ठेवले.

परंतु सुखाचा हा काळ उन्हाळ्यातील झुळुकेसारखा सरला. १९१८च्या मे महिन्यात बालकवी ऐन सत्ताविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. पुढच्याच उन्हाळ्यात, ९ मे १९१९ रोजी, वैशाखाच्या शुद्ध पक्षात, टिळकांनी मुंबईत देह ठेवला. दोन उन्हाळ्यांत घरातील दोन कवी गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. जो पती एकदा धर्माने हिरावला आणि ज्याला त्यांनी पुन्हा मिळविले, तो आता कायमचा गेला.

येथून त्यांच्या आयुष्याचा उत्तररंग सुरू होतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ पुरे करावयास घेतले. टिळकांचे सुमारे दहा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून ग्रंथ शेवटास नेला. १९३४ ते १९३६ या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली. तीत कोणावर राग नाही. सोवळ्याने छळणाऱ्या वडिलांवर नाही, घर सोडून गेलेल्या पतीवर नाही, स्वतःच्या जुन्या वेडगळपणावरही नाही. त्या सर्वांना हसतात, आणि स्वतःला सर्वांत अधिक हसतात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी या नाशिक क्षेत्रीच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात निघालेल्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असे आहे.

त्यांनी केलेले धर्मांतर आम्हास पटले, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही रामरायाचे दास आहो आणि त्याच्याच पायाशी हा देह पडावा अशी आमची इच्छा आहे. परंतु जे कोडे आमच्या पोथ्यांत सुटलेले होते आणि आमच्या आचरणात सुटत नव्हते, ते जलालपूरच्या या लेकीने आपल्या संसारात सोडविले, हे न सांगणे म्हणजे व्यासपीठाशी प्रतारणा होईल. वडिलांच्या घरी पाणी राखण्यासाठी होते. त्यांनी ते देण्यासाठी मोकळे केले. उदककुंभाच्या दानाचा याहून निराळा अर्थ शास्त्रात आम्हास तरी सापडलेला नाही.

आज घागर भराल तेव्हा पितरांच्या नावाने एक ओंजळ वाहाच. मग दाराशी उन्हातून जो कोणी येईल, त्याचे नाव, गाव, देव न पुसता त्यास पाण्याचा तांब्या द्या. तो रिता होईल. त्याचे पुण्य मात्र अक्षय राहील.