बाबांची ठिगळं
आज २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी.

बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला, परीट घरात. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र, हातात खराटा नि गाडगं. लोक म्हणायचे चिंधेबुवा, गोधडेबुवा. आलेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांच्या अंगावर मात्र शेवटपर्यंत, १९५६ पर्यंत, ठिगळंच. कपडा हलका घ्या पण पोरांना शिकवा, हे ते कीर्तनात सांगत.

आपल्या सिल्वासात सुताचे कारखाने. आपल्यातलेच कितीजण तिथं राबतात, तरी ठिगळ लावायला आपण लाजतो. या आठवड्यात घरटी एक जुना कपडा आपल्या हातानं शिवून घालूया. वाचलेले पैसे मुलांच्या वह्यांना.
🙏