गोष्टींतून माणसे जोडणारे साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. ऐन विद्यार्थिदशेत, १९१७ साली, त्यांचे मातृछत्र हरपले. पुढे अमळनेरच्या छात्रालयात त्यांनी मुलांची आईच्या मायेने शुश्रूषा केली. गोष्टी सांगून त्यांना धीर दिला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ हा ग्रंथ लिहिला. त्यात अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी श्याम आईच्या सांगण्यावरून उचलून देतो. गुरुजी ती गोष्ट लिहून थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य गणलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले आणि मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

येथे सायंकाळी नातवंडे भोवती जमली की मी त्यांना मोळीचीच गोष्ट सांगतो. आपली ही संस्था ज्ञातीची आहे, याचा अभिमान अवश्य असावा. परंतु ओझ्याखाली वाकलेल्या माणसाची ज्ञात विचारू नये, एवढा संस्कार आपल्या घराघरांतून व्हावा, हीच नम्र प्रार्थना.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, हिवरा आश्रम (जि. बुलढाणा)