चरबी न घालता साबण करणारे अर्देशिर गोदरेज

तळीये (ता. महाड) : गावात बचत गटाच्या बायका साबण करायचं म्हणतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो असा, की यात चरबी तर नाही ना? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका माणसाने मनावर घेतला होता. ते म्हणजे अर्देशिर गोदरेज.

जन्म 1868, मुंबईतलं पारशी घर. शिकून वकील झाले आणि एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. तिथे अशिलासाठी खोटं बोलावं लागणार असं दिसलं, तशी वकिलीच सोडून परत आले. मग ऑपरेशनची हत्यारं बनवली. माल चांगला होता, पण घेणाऱ्याला त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको होता. अर्देशिर शिक्क्यावर अडून बसले आणि तो धंदा बुडाला. माणूस हट्टी, दुसरं काय! 1897 साली लालबागमध्ये त्यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली. त्याच लालबाग-परळच्या गिरण्यांत आपल्या महाड-पोलादपूरकडची कितीतरी माणसं राबली.

त्या काळी बाजारातल्या साबणात गुरांची चरबी असायची. माळकऱ्याच्या घरात तो कसा चालणार? खेड्यात रिठे, शिकेकाई आणि चुलीतली राख यांवरच भागायचं. अर्देशिरांनी नुसत्या वनस्पती तेलाचा साबण करायचं ठरवलं आणि 1918-19 च्या सुमारास तो बाजारात आणला. नाव 'चावी'. पुढे आधी 'नंबर 2' आणि मग 'नंबर 1' काढला. दोन नंबरचा एवढा चांगला तर एक नंबरचा कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं, ही त्यामागची युक्ती सांगतात. रवींद्रनाथ टागोरांचं नावही जाहिरातीत झळकलं.

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो, हे घरीही जमतं. 1 किलो खोबरेल तेलाला साधारण 175 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि 350 ग्रॅम पाणी लागतं. सगळं काट्यावर मोजायचं, कारण तेल बदललं की सोड्याचं माप बदलतं. सोडा थोडा थोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळतं. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. हातमोजे, चष्मा हवेत, काम उघड्यावर करायचं, पोरं लांब ठेवायची. पाणी कोमट झालं की ते कोमट तेलात ओतून पिठल्यासारखं दाट होईपर्यंत ढवळायचं आणि साच्यात ओतायचं. दोन दिवसांनी वड्या पाडून चार ते सहा आठवडे वाळवायच्या. घाई केली तर हात भाजतात. खोबरेलाचा हा साबण कपड्या-भांड्यांना झकास, अंगाला मात्र थोडा कोरडा पडतो.

अर्देशिरांनी 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला 3 लाख रुपये दिले. पुढे कारखाना धाकटा भाऊ पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिककडे शेतीचे प्रयोग करत राहिले. 1936 साली ते वारले.