बाळू पालवणकरांची नोंद कोण घेणार?

पुण्याच्या सदाशिव पेठेतील स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर हे नामवंत क्रिकेटपटू होते. त्यांच्या नावाने १९७३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. या सन्मानाबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न एवढाच आहे की, देवधरांच्या आधी याच पुण्यात घडलेल्या बाळू बाबाजी पालवणकर यांच्या नावाने अशी एकही राष्ट्रीय स्पर्धा का नाही?

चर्मकार समाजातील बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात पारशांच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर बाळू कामाला लागले. पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. फलंदाजी मात्र साहेबांसाठी राखीव. डाव्या हाताची ती फिरकी अशा मजुरीतून तयार झाली.

साहेबांना हरवायचे तर बाळू हवा, हे हिंदू क्लबला कळले आणि संघाची दारे उघडली. पण किती? मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता. चहाची वेळ झाली की बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, त्यांचा चहा मातीच्या भांड्यात आणि जेवणाचे पान वेगळे. बळी घेणारा हात हवा होता, त्या हाताचे पाणी नको होते. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा अजून तीस वर्षे अवकाश होता.

पुढे बाळू मुंबईला गेले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंनी आठ बळी घेतले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी मिळवले. तेव्हा ते पस्तिशीत होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये अन्याय असह्य झाला, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. मग बाळूंना उपकर्णधार करावे लागले आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. मागून मिळाले नव्हते, ते नकार दिल्यावर मिळाले.

आता आपल्या बाजूचे बोलू. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा दलितांनी मुंबईत सत्कार केला, त्याचे मानपत्र तरुण भीमरावांनी तयार केले होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. बाळूंनी संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली, १९३२ च्या पुणे करारावर सही केली आणि १९३७ मध्ये काँग्रेसच्या वतीने ते थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. जनतेने निकाल दिला आणि तो योग्यच होता. पण तो निकाल उमेदवाराविरुद्ध होता, खेळाडूविरुद्ध नव्हता. जुलै १९५५ मध्ये बाळू गेले. सवर्ण वृत्तपत्रांनी त्यांना जातीमुळे विसरावे आणि आपण १९३७ मुळे, मग त्यांची नोंद घ्यायला उरले कोण?

हा प्रश्न एका बाळूंचा नाही. क्रिकेटला पाने कमी पडत नाहीत, तरी त्यात बाळू हरवले. मग जलतरणासारख्या खेळाची काय कथा? मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्रीला २०१८ उजाडले आणि घराघरात नाव पोहोचायला २०२४ चा चित्रपट यावा लागला. ज्या समाजाला तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याची मुले आज शर्यतीसाठी पाण्यात उतरत असतील, तर ती बातमी साधी नाही. जिल्हा पातळीवर तिसरा आलेला मुलगासुद्धा काही शतकांचे अंतर कापून आलेला असतो.

ती बातमी इतरांनी छापावी म्हणून आपण किती दिवस अर्ज करायचे? मूकनायक निघाले ते आपले म्हणणे आपण मांडावे म्हणूनच. आपल्या वस्तीतील पोहणारी मुलगी, धावणारा मुलगा यांचे नाव, गाव आणि वेळ आपल्या दैनिकांकडे पाठवा. दैनिकांनीही त्याला जागा द्यावी. आज नोंद झाली नाही, तर शंभर वर्षांनी कोणीतरी पुन्हा हाच लेख लिहील, फक्त नाव बदलून.

जय भीम.